अखंड की लॅमिनेटेड: पहिला स्वतःचा क्यू घेताना शाफ्ट कसा निवडावा

स्नूकर किंवा पूल शिकताना पहिले काही महिने क्लबच्या रॅकमधला क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, चालून जातो. मग एखाद्या संध्याकाळी लागोपाठ तीन सोपे पॉट, म्हणजे बॉल खिशात घालायचे शॉट, चुकतात. क्यूच्या टोकावरच्या चामड्याच्या टिपकडे बघावं तर ती काचेसारखी गुळगुळीत झालेली असते, तिच्याखालची टोपी, म्हणजे फेरूल, हलत असतं, आणि मनात येतं की आता स्वतःचा क्यू घ्यायलाच हवा. दुकानात गेलात किंवा मोबाइलवर शोधायला लागलात की लगेच दोन शब्द समोर येतात: सॉलिड, म्हणजे एकाच लाकडाचा अखंड, आणि लॅमिनेटेड, म्हणजे पट्ट्या चिकटवून केलेला. विकणारा म्हणतो लॅमिनेटेडच घ्या. क्लबमधला जुना खेळाडू म्हणतो, सॉलिडचा हाताला जो अंदाज येतो तो दुसऱ्या कशात नाही. बहुतेक वेळा हे दोघं वेगवेगळ्या खेळाबद्दल बोलत असतात, आणि नवा माणूस मध्ये अडकतो.

मी काय सुचवतो ते आधीच सांगतो. स्नूकर शिकत असाल तर ऍश किंवा मेपल लाकडाचा, सरळ रेषांचा, नीट मुरलेला अखंड क्यू घ्या. पूल खेळत असाल आणि साईड वापरायला, म्हणजे पांढऱ्या बॉलला मधोमध न मारता डाव्या-उजव्या अंगाला मारून फिरकी द्यायला लागला असाल, तर लॅमिनेटेडचा विचार करायला चांगलं कारण आहे. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत राहत असाल तर आणखी एक. पैसे काढण्याआधी मात्र पुढच्या पायऱ्या करून बघा. त्यासाठी लागतं एक टेबल, तीन-चार चॉक (टिपला लावायचे खडू) आणि तासाभराचा टेबल टाइम.

पायरी १: शाफ्ट म्हणजे नेमकं काय, ते हातात घेऊन बघा

क्यूचा मागचा जाड, पकडायचा भाग म्हणजे बट. पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. शाफ्टच्या टोकाला टोपीसारखं फेरूल असतं, स्नूकरमध्ये बहुधा पितळी, पूलमध्ये पांढऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचं. त्यावर चामड्याची टिप. पूलचा क्यू बहुतेक वेळा मधोमध उघडतो, म्हणजे शाफ्ट वेगळा निघतो आणि वेगळा विकतही मिळतो. स्नूकरचा क्यू बहुधा एकसंध असतो, किंवा बटाजवळ उघडतो. त्याला थ्री-क्वार्टर जॉइंट म्हणतात. अशा क्यूत शाफ्ट बटात कायमचा सांधलेला असतो, त्यामुळे नुसता शाफ्ट बदलायचा प्रश्न येत नाही. हा फरक लक्षात ठेवा, खरेदीच्या वेळी त्यावर बरंच अवलंबून आहे.

अखंड शाफ्ट म्हणजे लाकडाच्या एकाच काठीतून कातलेला. पूलमध्ये तो जवळजवळ नेहमी उत्तर अमेरिकेतल्या हार्ड मेपलचा असतो. स्नूकरमध्ये ऍश जास्त, मेपलही भरपूर. अगदी स्वस्त क्यूंमध्ये रामिन नावाचं लाकूड असतं. त्यावर हात बसवायला हरकत नाही, पण स्वतःचा म्हणून घेऊ नका.

लॅमिनेटेड शाफ्ट म्हणजे लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेली काठी, जी नंतर कातली जाते. पट्ट्या दोन तऱ्हांनी लावतात. एक म्हणजे सपाट थर एकावर एक, प्लायवूडसारखे. दुसरी तऱ्हा जास्त विचारपूर्वक केलेली आहे: आडव्या कापलेल्या संत्र्यात जशा फोडी दिसतात तशा पाचरी मध्याभोवती गोल लावायच्या. प्रेडेटर कंपनीचा ३१४ नावाचा शाफ्ट याच पद्धतीचा, दहा पाचरींचा. १९९०च्या दशकात तो आला आणि पूलच्या जगात लॅमिनेटेड शाफ्टची चर्चा घरोघरी पोचली.

पायरी २: लाकूड का वाकतं, हे आधी समजून घ्या

पावसाळ्यात घराचं दार फुगून चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर आपोआप सुटतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. शाफ्टचंही तसंच होतं. दार अडकलं तर कोपरा रंधून घेता येतो. वाकलेल्या शाफ्टला तसा उपाय नाही.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, पण सगळ्या बाजूंनी सारखं फुगत नाही. हार्ड मेपल पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत खोडाच्या वाढीच्या वलयांच्या कडेकडेने जवळपास १० टक्के आकसतं, वलयांना काटकोनात ५ टक्क्यांच्या आसपास, आणि लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. ऍशची पहिली दोन मापं अंदाजे ८ आणि ५ टक्के. रेषा टोकापासून जोडापर्यंत सरळ गेल्या असतील तर हे फुगणं-आकसणं दोन्ही अंगांनी तोलून जातं आणि काठी सरळ राहते. रेषा मध्येच एका कडेला निसटल्या असतील तर एक अंग जास्त ओढलं जातं आणि काठीला बाक येतो.

एसी चालू असलेल्या खोलीत लाकडातली ओल ९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. मुंबईच्या जुलैत, हवेत ८५ टक्के दमटपणा असताना, तेच लाकूड १८ टक्क्यांकडे सरकतं. शाफ्टवरचं फिनिश हे सगळं हळू करतं, पण थांबवत नाही. आपले क्लब एसीचे आणि घर उघड्या खिडक्यांचं, म्हणजे क्यू रोज एका हवामानातून दुसऱ्यात जातो.

माझा पहिला मेपलचा शाफ्ट असाच गेला. ठाण्याला आमच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला पावसात ओल यायची. तिथेच कपाटाच्या आडोशाला मी क्यू उभा टेकवून ठेवला होता, केसशिवाय, आठवडेच्या आठवडे. गणपतीच्या सुट्टीनंतर क्लबवर गेलो तर मधल्या ताकदीचे सरळ शॉट डावीकडे जायला लागले. मी माझ्या हाताला दोष देत राहिलो. शेवटी क्लबवर गुण मांडणाऱ्या आमच्या मार्करकाकांनी क्यू मागून घेतला, शाफ्ट सोडवला, ट्यूबलाइटकडे टोक करून एका डोळ्याने बघितला आणि हळूहळू फिरवला. मग टेबलावर लोटला. शाफ्टखालून उजेडाची एक फट उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. "हात नाही रे बाळा, काठी वाकलीय," एवढंच म्हणाले. त्या महिन्याभरात मी चांगला स्ट्रोक उगाच बदलून बसलो होतो, आणि तो परत मिळवायला शाफ्टच्या किमतीपेक्षा जास्त वेळ गेला. म्हणून हा मुद्दा मी सगळ्यात आधी घेतला.

लॅमिनेटेड शाफ्टचा पहिला फायदा नेमका इथे आहे. शेजारशेजारच्या पट्ट्यांच्या रेषा वेगवेगळ्या दिशेला ठेवलेल्या असतात, त्यामुळे एकीला वाकायचं असलं तरी बाजूच्या तिला धरून ठेवतात. पट्ट्या बारीक असल्याने आतली गाठ किंवा तिरकी रेष चिकटवण्याआधीच दिसते आणि बाजूला काढता येते. अख्ख्या काठीत तो दोष कातल्यावरच उघडा पडतो.

लाकडाच्या टंचाईचाही यात भाग आहे. अमेरिकेत २००२ साली मिशिगनमध्ये ऍश पोखरणारा हिरवा भुंगा सापडला आणि त्यानंतर त्याने तिथली कोट्यवधी ऍशची झाडं मारली. लांब, निर्दोष, सरळ रेषांची काठी मिळणं आता सोपं राहिलेलं नाही. बारीक पट्ट्या मिळणं त्यापेक्षा सोपं आहे.

असं असूनही चांगला अखंड शाफ्ट वाकतोच, असा अर्थ काढू नका. चांगला कारागीर काठी एका दमात कातत नाही. थोडी कातायची, काही आठवडे किंवा महिने टांगून ठेवायची, वाकली तर बाद करायची, नाही वाकली तर पुढचा हात मारायचा. अशा मुरलेल्या काठ्या पंचवीस-तीस वर्षं सरळ राहिलेल्या मी क्लबांत हातात घेतल्या आहेत.

पायरी ३: साईड मारल्यावर पांढरा कुठे जातो, ते टेबलवर बघा

आता दुसरा फायदा, ज्याच्या नावावर लॅमिनेटेड शाफ्ट विकले जातात: लो-डिफ्लेक्शन. इथे बरीच गफलत होते, म्हणून सावकाश.

क्यू बॉलला, म्हणजे पांढऱ्या बॉलला, मधोमध मारलं की तो क्यूच्या रेषेत जातो. उजवीकडे मारलं, म्हणजे उजवी साईड दिली, तर तो क्यूच्या रेषेपासून किंचित डावीकडे सरकून निघतो. यालाच डिफ्लेक्शन म्हणतात. कारण असं: टिप बॉलला चिकटते, बॉल फिरायला लागतो आणि शाफ्टचं टोक आडवं बाजूला ढकलतो. ढकललेल्या वस्तूला जितकं वजन, तितका तिचा उलट धक्का बॉलला बसतो. टिप आणि बॉल साधारण एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भागच एकमेकांना लागलेले असतात. एवढ्या वेळात तो आडवा धक्का शाफ्टमध्ये टोकापासून वीतभरच पोचतो. मागचा बट, त्यातलं वजन, त्यावरचं नक्षीकाम यांना या क्षणी काहीच करायला मिळत नाही.

म्हणून डिफ्लेक्शन ठरतं ते पुढच्या वीतभर भागाच्या वजनावर. पट्ट्या चिकटवल्याने ते आपोआप कमी होत नाही. ३१४सारख्या शाफ्टमध्ये टोक आतून पोकळ केलेलं असतं आणि फेरूल हलकं असतं, फरक त्याने पडतो. पट्ट्यांच्या बांधणीमुळे एवढं पोकळ टोकही न फुटता टिकतं. नुसतं लॅमिनेटेड लिहिलेला पण टोकाला भरीव आणि जड फेरूलचा शाफ्ट हवेने सहज वाकणार नाही, साईडला मात्र अखंड मेपलसारखाच वागेल. विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न हा: टोक पोकळ आहे का, फेरूल कशाचं आहे आणि किती लांब आहे?

किती फरक पडतो याचा हिशेब करा. क्यू बॉल एक अंशाने चुकला तर १ मीटरवर तो १७ मिलिमीटर बाजूला असतो, ३ मीटरवर ५२ मिलिमीटर. स्नूकरचा बॉलच ५२.५ मिलिमीटरचा आहे. लांब टेबलावर एका अंशाची किंमत म्हणजे अख्खा बॉल.

चाचणी अशी करा. पूलच्या टेबलावर क्यू बॉलपासून साधारण १ मीटरवर एक बॉल ठेवा, अगदी समोर, म्हणजे फुल बॉल. क्यू शक्य तितका आडवा ठेवा, बट उचलू नका. आधी मधोमध मारून बघा: समोरचा बॉल सरळ गेला पाहिजे आणि क्यू बॉल त्याच रेषेत राहिला पाहिजे. हे पाचपैकी चार वेळा जमत नसेल तर चाचणी इथेच थांबवा. शाफ्टची निवड सध्या तुमच्या खेळात काही बदलणार नाही, सरळ स्ट्रोकचा सराव बदलेल. जमत असेल तर आता ब्रिज (क्यूला टेकू देणारा पुढचा हात) आणि बट दोन्ही एका टिपच्या रुंदीएवढे उजवीकडे सरकवा, म्हणजे क्यू समांतर राहील, आणि मध्यम जोरात मारा. क्यू बॉल डावीकडे सरकून समोरच्या बॉलच्या डाव्या अंगाला लागेल, आणि तो बॉल उजवीकडे पळेल. तो मागच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, जिथे लागला तिथे वर लाकडी काठावर चॉक ठेवा. तीन शॉट, तीन चॉक. मग दुसऱ्या शाफ्टने हेच करा. चॉकच्या दोन घोळक्यांमधलं अंतर म्हणजे या दोन शाफ्टमधला फरक, तुमच्या हातात, तुमच्या टेबलावर.

फार हळू मारू नका. हळू शॉटला बॉल कापडावर उलट्या दिशेने वळतो, त्याला स्वर्व्ह म्हणतात, आणि तो डिफ्लेक्शन झाकून टाकतो. खेळतानाही हे होतं: लांबवरचा हळू साईडचा शॉट आणि तोच जोरात मारलेला शॉट यांना वेगवेगळा नेम लागतो. कमी डिफ्लेक्शनच्या शाफ्टने नेमातली ही दुरुस्ती कमी करावी लागते, पण ती शून्य होत नाही.

पायरी ४: खेळ ठरवा, मग लाकूड

इथे स्नूकर आणि पूलचे रस्ते वेगळे होतात.

पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, शाफ्टचं टोक बहुधा १२ ते १३ मिलिमीटर. स्नूकरचा बॉल लहान, वजनाला पूलच्या बॉलच्या अंदाजे तीन चतुर्थांश. पण टोक ९ ते १० मिलिमीटरचं. साडेनऊ आणि पावणेतेरा मिलिमीटरच्या टोकांचे छेद मोजले तर स्नूकरच्या टोकाला लाकूड जवळजवळ निम्मंच असतं. पूलवाले पोकळ करून जे मिळवतात, त्यातलं बरंचसं स्नूकरच्या क्यूत बारीकपणातूनच आलेलं असतं. पितळी फेरूल थोडं वजन परत आणतं, म्हणून ते लांब नसावं.

याहून महत्त्वाचं कारण पकडीचं आहे. अखंड काठी सगळ्या बाजूंनी सारखी ताठ नसते. वलयांच्या एका दिशेने थोडी जास्त, दुसऱ्या दिशेने थोडी कमी. पूल खेळताना आपण क्यू कसाही उचलतो, चॉक लावताना बोटांत फिरवतो, त्यामुळे दर शॉटला टोकाची वेगळी बाजू वर येते. फोडींच्या बांधणीचा शाफ्ट सगळ्या बाजूंनी जवळजवळ सारखा वागतो, म्हणून तो पूलला शोभतो. स्नूकरमध्ये मुळात क्यू फिरवायचा नसतो. ऍशच्या शाफ्टवर वरच्या अंगाला बाणासारख्या खुणा दिसतात, एकामागोमाग एक. खेळाडू हे बाण दर शॉटला वर ठेवतो. बऱ्याच क्यूंच्या बटाला मागे एक सपाट कापलेला भाग आणि त्यावर बिल्ला असतो, तोही हाताला हीच जागा सांगतो. दर वेळी तीच बाजू वर असेल तर काठीचा असमानपणा अडचण राहत नाही, तो तुमच्या सवयीचा भाग होतो.

म्हणून स्नूकरला अखंड. ऍश घ्या की मेपल, हा निव्वळ डोळ्यांचा आणि हाताचा प्रश्न आहे. ऍशच्या रेषा ठळक, नेमाला मदत करतात; पृष्ठभागाला बारीक छिद्रं असतात. मेपल गुळगुळीत, रेषा फिकट. नेम धरताना ज्यांना समोर रेषांची गर्दी नको त्यांना तो आवडतो.

शिकतानाचे पहिले सहा महिने तर मी कुणालाही साईड मारू देत नाही. स्टन, फॉलो, स्क्रू, म्हणजे पांढरा थांबवणं, पुढे नेणं आणि मागे खेचणं, या तिन्हींत पांढऱ्याला मधल्या उभ्या रेषेवरच मारायचं असतं, आणि तिथे डिफ्लेक्शनचा संबंधच येत नाही. या काळात महागडा लो-डिफ्लेक्शन शाफ्ट घेणाऱ्याने ते पैसे टेबल टाइमवर घालवावेत, त्याचा खेळ लवकर सुधारेल. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, तेव्हा पोकळ टोकाचे शाफ्ट यायला अजून तीसेक वर्षं होती. बिलियर्ड्समध्ये साईडशिवाय पान हलत नाही. त्यांनी डिफ्लेक्शनशी जमवून घेतलं ते टेबलवर तासन् तास घालवून.

पायरी ५: दुकानात नजरेने आणि बोटांनी तपासा

अखंड शाफ्ट असेल तर खिडकीजवळ न्या. जोडापासून टोकाकडे रेषा डोळ्यांनी माग काढत जा. टोकापर्यंत पोचल्या तर उत्तम. मध्येच कडेवरून घसरून खाली गेल्या तर तो शाफ्ट परत ठेवा, कितीही सुंदर असला तरी. ऍशचे बाण मधल्या रेषेवर असावेत, एका बाजूला कललेले नकोत. मेपलच्या रेषा जवळजवळ आणि समांतर असाव्यात. बारीक काळपट ठिपके असले तर खेळण्यात फरक पडत नाही, किंमत कमी करून मागा.

सरळपणा दोनदा बघा. एकदा बटाकडून टोकाकडे एका डोळ्याने, हळूहळू फिरवत. मग सपाट काचेवर किंवा टेबलवर फक्त शाफ्ट लोटून. निमुळती काठी गोलाकार मार्गाने लोळते, त्याने घाबरू नका, तसं होणारच. बघायची ती खालची उजेडाची फट. ती फिरताना एकसारखी राहिली तर काठी सरळ, उघडमीट करत असेल तर वाकडी. जोडलेला पूर्ण क्यू लोटून निकाल देऊ नका, त्यात जोडाची चूक आणि बटाची चूक मिसळते.

लॅमिनेटेड शाफ्टवर नख फिरवा. पट्ट्यांच्या सांध्यावर नखाला पायरी लागता कामा नये. तिरप्या उजेडात बारीक सांधे दिसतील, ते असायलाच हवेत. पण सांध्यात काळी रेघ किंवा फट दिसली तर गोंद सुटायला लागलाय. दोन-तीनच जाड थर दिसत असतील तर ते लाकूड वाचवायला जोडलेले असण्याची शक्यता जास्त, आणि अशा क्यूला जास्त पैसे देऊ नका.

मग बॉल मारून बघा, आणि डोळे मिटून आवाज ऐका. अखंड मेपलचा आवाज खणखणीत येतो आणि धक्का बोटांपर्यंत पोचतो. पोकळ टोकाच्या लॅमिनेटेडचा आवाज जरा मुका असतो. कुणाला तो गादीवर मारल्यासारखा वाटतो, कुणाला शांत वाटतो. यात चूक-बरोबर नाही, पण रोज तीन तास हाच आवाज ऐकायचा आहे.

पायरी ६: जोड जुळतो का, हे पैसे देण्याआधी

पूलसाठी वेगळा शाफ्ट मागवताना सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. बटातला स्क्रू वेगवेगळ्या मापांचा असतो: ५/१६ बाय १४, ३/८ बाय १०, रेडियल, युनि-लॉक, असे बरेच. तुमच्या बटाचा नेमका प्रकार माहीत करून घ्या आणि जोडाचा व्यास व्हर्निअरने मोजा. आटे जुळले पण व्यास जुळला नाही तर बोटाला कड लागते. जोड पूर्ण बसल्यावर फट दिसली, किंवा मारताना बारीक खुळखुळ ऐकू आली, तर तो शाफ्ट परत करा. लांबी २९ की ३० इंच तेही विचारा, कारण इंचभराने क्यूचा तोल पुढे-मागे होतो.

स्पर्धा खेळायचा विचार असेल तर नियमही बघून ठेवा. स्नूकरमध्ये क्यू ३ फुटांपेक्षा लहान चालत नाही. पूलच्या आंतरराष्ट्रीय नियमात किमान ४० इंच लांबी, जास्तीत जास्त २५ औंस वजन आणि १४ मिलिमीटरपर्यंतची टिप. अखंड की लॅमिनेटेड यावर बंदी नाही.

पायरी ७: घेतल्यावर पहिला महिना

जुन्या शाफ्टवरून नव्यावर आलात की पहिल्या पंधरा दिवसांत साईडचे शॉट चुकतील. वर्षानुवर्षं हाताने जुन्या डिफ्लेक्शनची दुरुस्ती नकळत शिकलेली असते, आणि नवा शाफ्ट ती मागत नाही. या काळात आज हा, उद्या तो असं करू नका. जुना शाफ्ट घरी ठेवा, नाहीतर तो हाताशी दिसला की एका वाईट डावानंतर तुम्ही तो लावालच.

पावसाळ्यात शाफ्ट हाताला चिकटतो. आपल्याकडे त्यावर टाल्कम पावडर चोळायची सवय आहे, आणि क्लबचे मालक त्यावरून कावतात ते योग्यच आहे: पावडर कापडावर पडते, बॉलला लागते आणि ऍशच्या छिद्रांत घामाबरोबर घट्ट बसते. त्यापेक्षा ब्रिजच्या हाताला तीन बोटांचा हातमोजा घाला. खेळून झालं की शाफ्ट आधी किंचित ओलसर आणि लगेच कोरड्या कापडाने, हाताला ऊब लागेपर्यंत पुसा. सँडपेपर हातात घेऊ नका. दर वेळी काही कण कमी होतात, आणि दोन वर्षांनी साडेबारा मिलिमीटरचा शाफ्ट बाराचा झालेला असतो, तोही सगळीकडे सारखा नाही. पोकळ टोकाच्या शाफ्टला तर हे जास्तच बाधतं.

क्यू नेहमी केसमध्ये, आडवा किंवा अगदी सरळ उभा. भिंतीला तिरका टेकवून नाही, बाहेरच्या भिंतीजवळ तर नाहीच, एसीच्या झोताखालीही नाही. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, जुलै-ऑगस्टमध्ये बदलत राहा. मेच्या उन्हात उभ्या गाडीत क्यू ठेवू नका: आतली हवा ६० अंशांपर्यंत तापते, आणि लॅमिनेटेडचा गोंद व टिपचा गोंद दोन्ही त्याने ढिले पडतात. क्लबवर पोचल्यावर केस उघडून दहा-पंधरा मिनिटं क्यूला खोलीच्या हवेत राहू द्या, मग खेळा.

टिप बदलायची वेळ आली की ज्याला पोकळ टोकाचे शाफ्ट माहीत आहेत अशाच माणसाकडे द्या. जुनी टिप कापताना शाफ्ट शिकंज्यात आवळला, तर पातळ भिंतीचं टोक चिरतं आणि ती चीर लगेच दिसत नाही. अखंड मेपल अशी चूक सहन करतो. लॅमिनेटेड शाफ्ट देताना हे तोंडाने सांगा, आणि परत घेताना टोकाभोवती नख फिरवून बघा.